शेड्युलिंग लेटन्सी

एखादे काम चालायला तयार झाल्यापासून त्याला प्रत्यक्ष प्रोसेसर मिळेपर्यंत जाणारा वेळ. प्रोसेसर कोणाला द्यायचा हे कर्नलमधला शेड्युलर ठरवतो. पण आधीच्या कामाने तो सोडल्याशिवाय निर्णय अमलात येत नाही. खोळंबा होतो तो तिथेच.

हा खोळंबा कुठे नडतो ते डिझेल इंजिनात दिसते: नाशिकच्या बॉश कारखान्यात बनतात तसे इंजेक्टर त्यात इंधन फवारतात. मिनिटाला ३००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. फवाऱ्याचा नेमका क्षण हार्डवेअर टायमर साधतो खरा, पण त्याला आकडे वेळेत पुरवायचे ते सॉफ्टवेअरने. म्हणून इंजिनाच्या नियंत्रकात सहसा लिनक्ससारखी अवाढव्य प्रणाली नसते. वेळेची हमी देणारी छोटी रिअल-टाइम प्रणाली असते. अशा प्रणालींसाठी जर्मन मोटारउद्योगाने १९९३ मध्ये ‘ओसेक’ प्रकल्प सुरू केला.

तातडीच्या कामाला नुसते प्राधान्य देऊन भागत नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान पुन्हापुन्हा रीसेट होऊ लागले. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कनिष्ठ कामाने सामायिक साधनाचे कुलूप (लॉक) अडवले होते, वरिष्ठ काम त्यासाठी ताटकळले आणि मधल्या प्राधान्याची कामे कनिष्ठाला पुढे सरकू देईनात. उपाय पृथ्वीवरून पाठवला गेला: कुलूप हाती असेपर्यंत कनिष्ठाला वरिष्ठाचे प्राधान्य उसने द्यायचे.

लिनक्समध्ये सिस्टिम कॉलमध्ये शिरलेल्या कामाला पूर्वी मध्येच बाजूला सारता येत नसे. २००३ अखेरच्या २.६ आवृत्तीत ती सोय झाली, तरी स्पिनलॉक (वाट पाहणाऱ्याला झोपू न देणारे कुलूप) धरलेला असेतो काम हलवता येईना. प्रीएम्प्ट-आरटी या बदलसंचाने बहुतेक स्पिनलॉक झोपू शकणाऱ्या कुलपांत बदलले आणि इंटरप्टची हाताळणी स्वतंत्र थ्रेडकडे सोपवली. मुख्य कर्नलमध्ये त्याचा प्रवेश मात्र २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत झाला. शेवटचा मोठा अडसर ठरले संदेश छापणारे, दिसायला निरुपद्रवी ‘प्रिंटके’! घरगुती संगणकाला एवढ्या हमीची गरज नसते. अशा सर्वसाधारण वापरासाठी २०२३ मध्ये ६.६ आवृत्तीत ‘ईईव्हीडीएफ’ पद्धत आली: छोटा वेळतुकडा मागणाऱ्याची मुदत लवकरची, म्हणून त्याचा नंबरही लवकर.

या साऱ्याची किंमत आहेच. कामांची अदलाबदल वाढते आणि एकूण उरक थोडा घटतो.

लेटन्सीच्या मोजणीसाठी ‘सायक्लिकटेस्ट’ हे साधन वापरतात. त्यात सरासरीपेक्षा सर्वांत वाईट आकडा पाहायचा, तोही यंत्रावर पुरेसा ताण देऊन. तरीही आकडा फुगलेला राहिला तर कधी दोषी असते मदरबोर्डचे फर्मवेअर: ते कर्नलला न विचारता प्रोसेसर काही काळ बळकावते, आणि तिथे शेड्युलरचे काही चालत नाही.