क्रॅनफर्डचीं गुपितें

लहान गांवांत गुपित टिकत नाहीं, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. शेजारणीच्या चुलीवर सकाळीं काय शिजलें, हें सायंकाळपर्यंत वेशीपलीकडे पोंचलेलें असतें. मग अशा गांवांत मैत्री टिकते ती कशाच्या बळावर? एलिझाबेथ गॅस्केल ह्या इंग्रज लेखिकेनें 'क्रॅनफर्ड' ह्या कादंबरींत ह्या प्रश्नाचें जें उत्तर दिलें आहे, त्याचा आज विचार करूं.

गॅस्केलबाईंचा जन्म १८१० सालीं लंडनला झाला. तान्हेपणींच आई गेली आणि चेशायर परगण्यांतील नट्सफर्ड ह्या लहानशा गांवीं मावशीनें त्यांना वाढविलें. तेंच नट्सफर्ड पुढें क्रॅनफर्ड झालें. ही कथा डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' ह्या साप्ताहिकांत डिसेंबर १८५१ पासून मे १८५३ पर्यंत अधूनमधून छापली गेली. त्यामुळें पुढें काय होणार, ही हुरहूर वाचकांना महिनेच्या महिने सोसावी लागली.

गांव बायकांचें, बहुतेक वृद्ध कुमारिका व विधवा. पैसा थोडा, कुळाचा अभिमान मोठा. एक यजमानीण सकाळभर स्वतः केक भाजीत असे आणि सायंकाळीं, ताटांत काय आलें आहे याची आपणांस वार्ताच नाहीं, अशा मुद्रेनें पाहुण्यांत बसे. पाहुण्यांना सारें ठाऊक असे. पण कोणी हंसत नसे.

ह्या मौनाची खरी परीक्षा मॅटीबाईच्या संकटांत झाली. ह्या धर्मोपदेशकाच्या वृद्ध, अविवाहित मुलीची पुंजी एका बँकेच्या भागांत गुंतलेली होती. त्या काळीं बँक बुडाली कीं भागधारकांचे पैसे तर जातच, शिवाय तिचें देणेंही त्यांच्या अंगावर येई. मर्यादित जबाबदारीची सवलत इंग्लंडांतील बँकांना १८५८ सालीं मिळाली. बँक डळमळल्याच्या दिवशीं एका शेतकऱ्याची पांच पौंडांची नोट दुकानदार घेईना. रेशमी कापड घ्यावयास आलेल्या मॅटीबाईनें आपलीं सोन्याचीं पांच नाणीं त्याला दिलीं व ती नोट घेतली. भागधारक म्हणून हें आपलें देणेंच आहे, असें तिला वाटलें.

बँक बुडाली. तेव्हां मैत्रिणी तिच्या नकळत जमल्या. वर्षाला आपण काय देऊं शकतों, तें प्रत्येकीनें कागदावर लिहून तो कागद बंद करून दिला. एकीनें तर आपल्या तुटपुंज्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा दिला. पैसे कोठून येतात, हें मॅटीबाईला कळूं द्यावयाचें नाहीं, असें ठरलें. पुढें ती घरींच चहा विकूं लागली. आपल्यामुळें गांवच्या दुकानदाराचें नुकसान तर होणार नाहीं ना, म्हणून ती आधीं त्यालाच विचारावयास गेली. त्यानें उलट आपलीं गिऱ्हाइकें तिच्याकडे धाडलीं!

आणखी एक गुपित आहे. मॅटीबाईचा भाऊ पीटर लहानपणीं एका थट्टेपायीं वडिलांचा मार खाऊन घरांतून निघून गेला होता. हिंदुस्थानांत कोणी एक दयाळू इंग्रज भेटल्याची हकीकत एका जादूगाराच्या बायकोकडून कळली, तेव्हां कथा सांगणाऱ्या मेरीनें मॅटीबाईला कांहीं न सांगतां त्याला पत्र टाकिलें. तोच पीटर निघाला, आणि म्हातारपणीं बहिणीच्या दारीं परत आला.

गॅस्केलबाईंचाही जॉन नांवाचा भाऊ होता. तो खलाशी होता. त्या अविवाहित होत्या त्याच काळांत तो हिंदुस्थानच्या सफरीवर निघाला आणि कायमचा बेपत्ता झाला. आयुष्यानें परत न दिलेला भाऊ बहिणीनें कथेंत परत आणला, हें ध्यानीं ठेवून तो प्रसंग वाचावा.

मी एका तालुक्याच्या गांवीं मास्तर होतों. आपली परीक्षेची फी कोणी भरली, हें कित्येक मुलांना कधींच कळलें नाहीं. गांवाला मात्र तें ठाऊक होतें, आणि गांव बोललें नाहीं. क्रॅनफर्ड वाचतांना मला तीं मुलें आठवतात.