आधी कळस, मग पाया : लालिबेलाची कातळातील चर्च

एखादी जुनी इमारत कधी बांधली हे इतिहासकार कसे ठरवतात? पायाजवळ खणून कोणते थर लागतात ते पाहतात. विटा कशा आहेत, चुना कोणता वापरला आहे, तुळईचे लाकूड किती जुने आहे, हे तपासतात. शिलालेख असला तर काम सोपे होते. पण ज्या इमारतीला पाया नाही, वीट नाही, चुना नाही, तुळई नाही आणि जिच्यात बाहेरून आणलेला एकही दगड नाही, तिचे वय कसे काढायचे?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या शिक्षकांना नवा वाटू नये. आपल्याकडे वेरूळ आहे. पण आज आपण वेरूळपासून दूर, आफ्रिकेतील इथिओपिया देशाच्या डोंगराळ भागात जाऊ. तेथे लालिबेला नावाचे एक छोटे गाव आहे. इथिओपियातील ख्रिस्ती लोकांचे ते मोठे तीर्थक्षेत्र. युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी केली, तिच्यात अवघी बारा स्थळे होती. लालिबेला हे त्यांपैकी एक.

डोंगर आणि त्याचा दगड

लालिबेला समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटर उंचीवर आहे. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेआठशे मीटर वर हे गाव वसलेले आहे. विषुववृत्तापासून ते फक्त बारा अंश उत्तरेला आहे, तरी उंचीमुळे हवा थंड असते. जून ते सप्टेंबर हे तेथील मुख्य पावसाचे महिने. या परिसराचे पाणी तेकेझे नदीतून अतबारा नदीत आणि तेथून नाईलमध्ये जाते.

हा प्रदेश आपल्याला ओळखीचा वाटावा असे आणखी एक कारण आहे. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीला भेगा पडून लाव्हारसाचे प्रचंड लोट बाहेर आले आणि थरावर थर साचले. आपले दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशाच प्रकारे तयार झाले. दोन्हीकडे काळा बेसॉल्ट, दोन्हीकडे सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. मात्र लालिबेलाची चर्च ज्या दगडात कोरली आहेत तो आपल्या काळ्या कातळासारखा टणक नाही. तो ज्वालामुखीतून उसळलेल्या, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या द्रव्याचा तांबूस दगड आहे. लोखंडी हत्यारांनी तो तुलनेने सहज कापला जातो. या गुणामुळेच ही चर्च शक्य झाली, आणि याच गुणामुळे आज ती धोक्यातही आहेत.

जमिनीखालचे गाव

लालिबेलात एकूण अकरा चर्च आहेत. गावातून एक ओहोळ वाहतो, त्याचे नाव योर्दानोस, म्हणजे जॉर्डन. त्याच्या दोन बाजूंना चर्चचे दोन समूह आहेत आणि अकरावे, संत जॉर्जचे बेते गियोर्गिस, थोडे दूर एकटे आहे. 'बेते' म्हणजे घर.

बेते गियोर्गिस लांबून दिसतच नाही. उतारावरून चालत गेले की पायाशी एकदम मोठा चौकोनी खड्डा येतो आणि त्याच्या मधोमध क्रूसाच्या आकाराची एक भव्य इमारत उभी दिसते. तिचे छप्पर साधारण आपल्या पायांच्या पातळीला येते. छपरावर एकात एक असे क्रूस कोरलेले आहेत. खाली उतरायला कातळातून काढलेला अरुंद चर आणि बोगदा आहे. पाथरवटांनी आधी चारही बाजूंनी खोल चर खणून मधला कातळ सुटा केला, मग त्याला बाहेरून आकार दिला आणि दारे-खिडक्यांतून आत शिरून तो पोखरला. म्हणजे आधी कळस आणि मग पाया.

वर्गात एक गणित करून पाहण्यासारखे आहे. हा खड्डा ढोबळमानाने २५ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि १२ मीटर खोल धरू. त्याचे आकारमान ७,५०० घनमीटर झाले. चर्चसाठी मध्ये ठेवलेला कातळ सुमारे १,५०० घनमीटर धरला, तर बाहेरून काढलेला दगड ६,००० घनमीटर भरतो. एका मालमोटारीत पाच घनमीटर माल बसतो असे मानले तर १,२०० खेपा! आणि हे एकट्या बेते गियोर्गिसचे. सर्वांत मोठे चर्च बेते मेधाने आलेम. ते सुमारे ३३ मीटर लांब, २३ मीटर रुंद आणि ११ मीटर उंच आहे.

ही नुसती पाहण्याची जागा नाही. या सर्व चर्चमध्ये आजही प्रार्थना होते. इथिओपियात नाताळ ७ जानेवारीला येतो, कारण तेथील चर्चची कालगणना वेगळी आहे. तिच्यात तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना असतो. या सणाला 'गेन्ना' म्हणतात. पांढरी सुती वस्त्रे पांघरलेले हजारो यात्रेकरू तेव्हा लालिबेलात येतात. कित्येक जण अनेक दिवस पायी चालत आलेले असतात. ज्यांनी पंढरीची वारी पाहिली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

कोणी केले, कधी केले?

परंपरा सांगते की ही चर्च लालिबेला नावाच्या राजाने कोरून घेतली. तो झाग्वे घराण्यातला. बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्या शतकाच्या आरंभी त्याचे राज्य होते. गावाचे जुने नाव रोहा, पुढे राजाचेच नाव गावाला मिळाले. त्याला येथे दुसरे जेरुसलेम उभारायचे होते, असे मानतात. येथील ओहोळाला जॉर्डन आणि चर्चना गोलगोथा, बेथलेहेम ही नावे त्यावरूनच आली. दिवसा माणसे काम करीत आणि रात्री देवदूत येऊन ते पुढे नेत, म्हणून काम लवकर झाले, अशीही कथा आहे. राजाचे जे चरित्र आज उपलब्ध आहे ते त्याच्यानंतर सुमारे दोन शतकांनी, पंधराव्या शतकात लिहिले गेले.

युरोपीय माणसाने केलेले या चर्चचे पहिले सविस्तर वर्णन फ्रान्सिस्को आल्व्हारेस या पोर्तुगीज धर्मगुरूचे आहे, आणि त्याचा संबंध गोव्याशी येतो. १५२० साली पोर्तुगीज गव्हर्नर सिकेरा याचे आरमार गोव्याहून तांबड्या समुद्राकडे निघाले. त्याने इथिओपियाच्या किनाऱ्यावर जी वकिलात उतरवली तिच्यात आल्व्हारेस होता. सहा वर्षे तो त्या देशात राहिला. १५४० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की, आणखी लिहिले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि लिहिले ते खरे असल्याची तो शपथही घेतो. हे काम चोवीस वर्षांत झाले आणि ते बाहेरून आलेल्या गोऱ्या लोकांनी केले, असे त्याला तेथे सांगण्यात आले होते.

येथे आपण थांबले पाहिजे. देवदूत काय किंवा परदेशी कारागीर काय, दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे : एवढे अवघड काम इथल्या साध्या माणसांनी केले, हे कोणाला पटत नाही. आपल्याकडेही तसेच झाले. राणीला लवकर कळस दिसावा म्हणून पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने देऊळ वरून खाली कोरायला घेतले, अशी कथा 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात आहे. ती कैलास लेण्याचीच असावी, असे अभ्यासक मानतात. अलीकडे तर परग्रहावरच्या पाहुण्यांनाही हे श्रेय दिले जाते! अशा वेळी दगडालाच विचारलेले बरे.

उलटे थर

उत्खननाचा पहिला धडा असा की, खालचा थर जुना आणि वरचा नवा. कातळात कोरलेल्या इमारतीत हा नियम उलटा होतो. कोरणारा वरून खाली जातो, म्हणून सर्वांत वरची खूण सर्वांत आधीची आणि तळाची सर्वांत नंतरची. दुसरा नियम असा की, ज्याला छेद गेला ते आधीचे आणि ज्याने छेद दिला ते नंतरचे. एखादा चर जुन्या बोगद्याला मधोमध कापून गेला असेल तर बोगदा आधीचा ठरतो. भिंतीत उंचावर एखादे दार आहे आणि तेथे पोहोचायला पायरी नाही, तर त्या दाराच्या काळी अंगणाची जमीन तेवढ्याच उंचीवर असली पाहिजे. ती नंतर खोल केली गेली.

विद्यार्थ्यांना हे साबणाच्या वडीवर सहज करून दाखवता येते. एका गटाने वडीवर थोडे कोरावे, दुसऱ्या गटाने त्यातच पुढे कोरावे आणि तिसऱ्याने, आधीचे न पाहता, कोणती खूण आधीची ते ओळखावे. एक अडचण त्यांच्या लगेच लक्षात येईल. दुसऱ्या गटाने जो भाग काढून टाकला त्याच्यावरच्या पहिल्या खुणा कायमच्या गेल्या. कोरीव काम स्वतःचा इतिहास पुसत पुढे जाते.

मग तो इतिहास सापडावा कोठे? खाली पडलेल्या साबणाच्या चुऱ्यात! फ्रेंच आणि इतर संशोधकांच्या एका गटाने लालिबेलात नेमके हेच केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात चर्चच्या आसपास साचलेल्या मलब्याच्या ढिगांकडे लक्ष वेधले आहे. पूर्वीचे अभ्यासक इमारतींकडे पाहत होते, यांनी कचऱ्याकडे पाहिले. ढिगांमध्ये क्रम उलटा असतो : डोंगराच्या माथ्याचा दगड ढिगाच्या तळाशी आणि शेवटी काढलेला दगड वर. शिवाय मलब्यात कोळसा किंवा खापरे मिळाली तर त्यांचे वयही काढता येते.

या वाचनातून जे चित्र दिसते ते एका राजाच्या चोवीस वर्षांचे नाही. लालिबेलात कोरीव काम बऱ्याच दीर्घ काळात, टप्प्याटप्प्याने झाले आहे. डेव्हिड फिलिप्सन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाच्या मते काही भाग राजा लालिबेलाच्या कित्येक शतके आधीचे आहेत आणि ते मुळात चर्चसाठी कोरलेलेच नव्हते. बेते गाब्रिएल-रुफाएलचे उदाहरण पाहा. त्याच्या पुढे किल्ल्याच्या खंदकासारखा खोल चर आहे, आत जायला वरच्या पातळीवर पूल आहे आणि त्याचा वेडावाकडा आराखडा चर्चच्या नेहमीच्या पूर्व-पश्चिम मांडणीत नीट बसत नाही. ती आधी तटबंदीची किंवा निवासाची जागा असावी आणि नंतर तिचे चर्च झाले असावे. नेमक्या तारखांबद्दल अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. परंतु राजाने जे केले त्याचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. जुन्या कोरीव जागा सामावून घेऊन त्यांतून एक पवित्र नगरी घडवणे, हेही मोठेच काम आहे.

आणि कारागीर परके होते का? बेते अमानुएलच्या बाहेरच्या भिंतीवर आडवे पट्टे कोरलेले आहेत, एक पुढे आलेला, एक मागे गेलेला. खिडक्यांच्या कोपऱ्यांवर तुळयांची टोके बाहेर आल्यासारखे ठोकळे आहेत. दगडात तुळईची काय गरज? उत्तर जुन्या अक्सुम राज्याच्या बांधकामात मिळते. तेथे दगड आणि लाकूड यांचे आलटून पालटून थर देऊन भिंती बांधत. लालिबेलाजवळच एका नैसर्गिक गुहेत येमरेहान्ना क्रेस्तोस नावाचे खऱ्या दगड-लाकडाचे चर्च आजही उभे आहे. म्हणजे पाथरवट आपल्याच देशातली जुनी बांधणी कातळात उतरवत होते. भाजे येथील चैत्यगृहात दगडी खांब आत झुकलेले आहेत ते असेच लाकडी बांधणीच्या सवयीने. कार्ल्याच्या छताला तर खऱ्या लाकडी कमानी आहेत. हे साम्य पाहून भारतीय कारागीर इथिओपियात गेले असा निष्कर्ष काढू नये. त्याला पुरावा नाही. सारखा प्रश्न पडला की दोन ठिकाणची माणसे स्वतंत्रपणे सारखे उत्तर काढतात.

वेरूळच्या कैलास लेण्याचीही अशीच चिकित्सा झाली आहे. डॉ. म. के. ढवळीकरांनी शैली आणि खुणा तपासून, त्याचा मुख्य भाग राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (इ.स. ७५६ ते ७७३) याच्या काळचा आणि आजूबाजूची काही कामे नंतरची, असे दाखवले.

पाणी, छत आणि युद्ध

सच्छिद्र दगडात पाणी मुरते, भेगा रुंदावतात, कोरीव काम झडते. विसाव्या शतकाच्या मध्यात एका दुरुस्तीत काही भिंतींना डांबर आणि लाल रंग फासण्यात आला. नंतरच्या दुरुस्तीत तो काढावा लागला. २००८ च्या सुमारास युरोपीय संघाच्या मदतीने पाच चर्चवर पोलादी खांबांची मोठी तात्पुरती छते उभारली. पाऊस अडला, पण त्या छतांचे वजन आणि वाऱ्यात ती कोसळण्याची भीती यांमुळे २०१८ साली गावकऱ्यांनी निदर्शने केली. त्यानंतर इथिओपिया आणि फ्रान्स यांनी जतनाची संयुक्त योजना हाती घेतली.

त्यात युद्धाची भर पडली. ऑगस्ट २०२१ मध्ये तिग्रायच्या सैन्याने लालिबेला घेतले आणि डिसेंबरपर्यंत गावाचा ताबा अनेकदा बदलला. २०२३ पासून अम्हारा प्रांतात पुन्हा सशस्त्र संघर्ष सुरू झाला. यात्रा आणि पर्यटन यांवर जगणाऱ्या गावाला हे किती महागात पडले असेल, याची कल्पना करता येते.

बांधलेली भिंत पडली तर तिचे दगड गोळा करून पुन्हा रचता येतात. कोरलेली भिंत ढासळली की तेथे पुन्हा लावायला दुसरा डोंगर नसतो. म्हणून वेरूळला सहल नेताना विद्यार्थ्यांना केवळ शिल्पे मोजायला सांगू नये. इथून काढलेला दगड कोठे गेला असेल, कोणती टाकीची खूण आधीची असेल, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने जाते, हे शोधायला लावावे. ज्याला हे प्रश्न पडले तो भिंतीवर स्वतःचे नाव कोरणार नाही.