हिंगणघाटची कॅसेट अमेरिकेत का चालत नव्हती?



लग्नाच्या, बारशाच्या, पंचकल्याणकाच्या व्हिडिओ कॅसेट अनेकींच्या माळ्यावर अजून असतील. वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडून कुणी परदेशी निघाले की पापड-कुरड्यांबरोबर बॅगेत कॅसेटही जायची. ती इंग्लंडमध्ये लेस्टरला पोचली तर घरभर आनंद. न्यू जर्सीला पोचली तर मात्र लेकीचा फोन यायचा, "आई, नुसत्या रेघा पळताहेत!"

कॅसेट बिघडलेली नसायची. भांडण दोन देशांच्या टीव्हीचे होते, आणि त्याचे मूळ विजेत. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, आपली ५० वेळा. जुने टीव्ही त्या तालाला धरून बांधले गेले. अमेरिकेची एनटीएससी पद्धत ५२५ रेघांची, सेकंदाला सुमारे ३० चित्रांची. तिथे १९५३ मध्ये रंग मंजूर झाले. जर्मनीत वॉल्टर ब्रुख यांनी पॅल पद्धत शोधली: ६२५ रेघा, २५ चित्रे. १९६७ मध्ये पश्चिम जर्मनी आणि ब्रिटनमध्ये ती सुरू झाली. आपल्याकडे १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी, दूरदर्शनवर रंग आले ते पॅलचेच. म्हणून आपली कॅसेट इंग्लंडला चाले. अमेरिका, कॅनडा, जपानला अडे.

मग कॅसेट 'बदलून' घ्यावी लागे. शंभरेक रेघा कमी करायच्या आणि दर सेकंदाला पाच चित्रे जास्तीची तयार करायची. त्यासाठी यंत्राला आधीचे चित्र क्षणभर धरून ठेवावे लागते. हे काम पूर्वी मोठ्या टीव्ही केंद्रांनाच परवडे. नव्वदच्या दशकात असे बदल करणारे व्हीसीआर बाजारात आले. त्याआधी काही जण टीव्हीसमोर कॅमेरा लावून पडद्याचेच पुन्हा चित्रण करत. चित्र लुकलुके, पण आजीचा चेहरा तरी ओळखू येई.

आणखी एक अडचण होती. अमेरिकन व्हीसीआरमध्ये नेहमीच्या वेगाला फीत जास्त भरभर फिरे. त्यामुळे आपली तीन तासांची कॅसेट तिकडच्या दोन तासांच्या कॅसेटमध्ये मावत नसे. दुसरी कॅसेट घ्या, वेग कमी करून चित्र थोडे अंधुक चालवून घ्या, नाहीतर कात्री लावा. आणि आपल्या लग्नात पाठवणी नेमकी शेवटी! आईच्या डोळ्यांतले पाणी लेकीने पाहायचे, तोच भाग कापला जायचा.

पुढे डीव्हीडी आल्या, तरी पॅल-एनटीएससीचा भेद राहिलाच. आता मोबाइलला दोन्ही चालतात.

म्हणूनच एक सांगते. कॅसेट संगणकावर उतरवायला द्याल तेव्हा दुकानदाराला स्पष्ट सांगा: मूळ पॅलमध्येच, २५ चित्रांवर ठेवा, अमेरिकेसाठी बदलू नका. बदलताना आलेला धूसरपणा नंतर जात नाही. अमेरिकेतून परत आलेली प्रत हाताशी असली तरी आपली मूळ कॅसेटच द्या. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका; फीत तुटते, यंत्रही खराब होते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

सुरुवात कुठून करायची? जी माणसे आज आपल्यात नाहीत, त्यांचा आवाज ज्या कॅसेटमध्ये आहे, ती आधी. लग्नाचे फोटो अल्बममध्ये आहेत. सासूबाईंचे बोलणे फक्त त्या फितीवर आहे. आणि पाठवणीपर्यंत सगळे उतरवून घ्या, यावेळी काही कापू नका.