कुलाबा ते रायगड : वाढत्या जिल्ह्याची आणि त्यातील समाजांची कहाणी

कोणत्याही गावाच्या देवळाचा इतिहास पाहू गेल्यास तो देवळाच्या चार भिंतींत मावत नाही. दगड कोठल्या खाणीचा, लाकूड कोणत्या रानातले, मान कोणाचा, पालखीचे भोई कोण, दिवाबत्तीचे तेल कोणाकडून येई, असे विचारीत गेले म्हणजे हळूहळू सारा मुलूख समोर उभा राहतो. म्हणूनच रायगड जिल्ह्यातील प्रत्येक गावकऱ्याला आणि पोटापाण्यासाठी दूर गेलेल्या प्रत्येक चाकरमान्याला या मुलखाची ओळख असणे अगत्याचे आहे.

पूर्वेस सह्याद्रीचा कडा, पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस ठाणे आणि दक्षिणेस रत्नागिरी अशा चौकटीत हा जिल्हा वसलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे ७,१५२ चौरस किलोमीटर, तालुके पंधरा. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका आणि सावित्री या नद्या घाटात उगम पावून खाड्यांवाटे समुद्राला मिळतात. भरतीचे पाणी या खाड्यांतून थेट नागोठणे, रोहे, महाड अशा आतल्या बाजारपेठांपर्यंत चढते. घाटावरचा माल बोरघाट, वरंधा अशा वाटांनी खाली यायचा, बंदरावरचा माल गलबतांनी बाहेर जायचा. या येण्याजाण्यातूनच येथील वस्ती घडली.

नावाची हकीकत

अलिबागच्या समुद्रात छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० साली ज्या किल्ल्याचे काम सुरू झाले, त्या कुलाबा किल्ल्यावरून जिल्ह्याला कुलाबा हे नाव मिळाले. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी हाच किल्ला आपल्या आरमाराचे ठाणे केले. आंग्र्यांचे संस्थान १८४० साली इंग्रजांनी खालसा केले आणि १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पनवेल, उरण आणि कर्जत हा भाग ठाणे जिल्ह्यातून नंतर जोडला गेला. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळे हा जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाचा मुलूख, तर पालीकडील सुधागड हा भोर संस्थानचा. हे दोन्ही भाग १९४८ साली जिल्ह्यात विलीन झाले. ज्या गडावर ६ जून १६७४ रोजी महाराजांना राज्याभिषेक झाला, त्या रायगडाचे नाव जिल्ह्याला १ जानेवारी १९८१ पासून देण्यात आले. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले होते. ते याच जिल्ह्याचे सुपुत्र.

समुद्राने आणलेली आणि डोंगराने राखलेली माणसे

किनाऱ्यावर कोळी, खाडीकाठच्या खारेपाटात आगरी, डोंगरात ठाकूर आणि कातकरी, बागायतीच्या गावांत ब्राह्मण, माळी, भंडारी, दक्षिणेच्या डोंगराळ तालुक्यांत मराठा व कुणबी, तसेच महार, चांभार, कुंभार, सुतार, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू असे अनेक समाज येथे पिढ्यान् पिढ्या नांदत आले आहेत.

समुद्रानेही माणसे आणून सोडली. अलिबागजवळच्या नवगाव येथे फार पूर्वी एक जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात स्त्रिया व सात पुरुष यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. या लोकांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आपला धर्म त्यांनी सोडला नाही, पण बोली मराठी आणि आडनावे पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी गावांवरून घेतली. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाल्यावर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, तरी अलिबागची इस्राएल आळी आजही आहे आणि तिकडील जुन्या मंडळींच्या घरात मराठी टिकून आहे.

कोकणी मुसलमान समाज बंदरांशी आणि दर्यावर्दी व्यवसायाशी पहिल्यापासून बांधलेला. म्हसळे, श्रीवर्धन, मुरूड आणि महाडकडील कित्येक घरांतील माणसे आधी जहाजांवर आणि नंतर आखाती देशांत नोकरीस गेली. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतील, त्यांचा पाणकिल्ला अखेरपर्यंत अजिंक्य राहिला. चौल हे तर ग्रीक प्रवाशांनाही ठाऊक असलेले प्राचीन बंदर. त्याच्या शेजारी रेवदंड्यास पोर्तुगीजांनी ठाणे घातले, ते १७४० साली मराठ्यांच्या ताब्यात आले. पोर्तुगीज गेले, पण खाडीपलीकडील कोर्लई गावच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली एक वेगळीच बोली आजही बोलली जाते.

इतके समाज एकत्र आले म्हणजे त्यांच्यात भांडणे नव्हतीच असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु एकमेकांवाचून कोणाचेही चालत नव्हते, हेही तितकेच खरे. कोळ्याची मासळी, आगऱ्याचे भात व मीठ, कातकऱ्याचा कात, मध आणि जळाऊ लाकूड, कुंभाराची मडकी, तेल्याचे तेल हे सारे एकाच आठवड्याच्या बाजारात येई. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, तेव्हा पोलीस मानवंदना देतात आणि सारे गाव दारात रांगोळ्या काढून वाट पाहते.

बांध

या जिल्ह्याची खरी ओळख करून घ्यावयाची तर खारेपाटातील बांधावर जाऊन उभे राहावे. पेण, अलिबाग, उरण, पनवेल भागातील कितीतरी भातशेती ही मुळात समुद्राची जागा आहे. पूर्वजांनी खाडीकाठी माती आणि दगड यांचे बांध घातले, उघाड्या बसविल्या आणि पावसाच्या पाण्याने जमिनीतील खार धुऊन तेथे भात पिकविले. जेथे भात येईना तेथे मिठागरे केली. बांध एकदा घातला म्हणजे काम संपत नाही. उधाणाच्या भरतीला खेकड्याच्या बिळातूनही पाणी शिरते, आणि एकदा खांड पडली की एका रात्रीत शेकडो एकर खारे होते. त्या रात्री शेत कोणाचे, जात कोणती, हे विचारीत बसायला सवड नसे. घराघरातून माणूस घमेले घेऊन निघे. गावकीचा अर्थ येथील लोक बांधावर शिकले.

मात्र घाम ज्याचा, पीक त्याचे असे नव्हते. जमिनीची मालकी खोत व सावकार यांच्याकडे असे आणि कुळाच्या पदरी अर्धेही पीक पडत नसे. याविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी जमिनी न कसण्याचा निर्धार केला. संप एक वर्ष नव्हे, सुमारे सहा वर्षे चालला. शेते ओस पडली. लोकांनी डोंगरातील लाकूडफाटा विकून आणि खाडीतील मासळी धरून दिवस काढले, पण संप मोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे जे कूळकायदे झाले, त्यांच्या पायाशी चरीच्या उपाशी कुळांचा त्याग आहे.

पाण्यासाठी आणि रानासाठी

डॉ. आंबेडकरांचे नाव या जिल्ह्याशी त्याआधीच कायमचे जोडले गेले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी हजारो अस्पृश्य बांधवांसह ओंजळभर पाणी घेतले. तळे सार्वजनिक होते, गुरेढोरे तेथे पाणी पीत, पण माणसांना मज्जाव होता. पाणी घेतल्यानंतर गावात सत्याग्रहींना मारहाण झाली, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. त्याच महाडात सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सवर्ण या सत्याग्रहाच्या पाठीशी उभे राहिले, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेस कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. तळ्यावरचा हक्क १९३७ साली उच्च न्यायालयाने मान्य केला. गावातील पाणवठा आणि देवाचे दार सर्वांना मोकळे असल्याखेरीज गाव पुरे होत नाही, हा धडा महाडने साऱ्या देशाला दिला.

उरणजवळील चिरनेरच्या रानात २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात आठ जणांना हौतात्म्य आले. त्यांत शेतकरी होते तसे नाग्या महादू कातकरी हेही होते. ज्या कातकऱ्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, तो देशासाठी गावकऱ्यांच्या बरोबरीने छातीवर गोळी झेलून गेला.

मुंबईच्या शेजारी

मुंबई वाढली ती पुष्कळशी या जिल्ह्याच्या आधाराने. येथील मीठ, भात, भाजी आणि मासळी मुंबईला गेली. १९१५ साली खोपोलीला वीजनिर्मिती सुरू झाली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. त्या गिरण्यांत आणि गोदीत महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळेकडील तरुण राबले. एकेका खोलीत वीस वीस जण राहून त्यांनी गावी मनीऑर्डरी पाठविल्या आणि गावाच्या मंडळामार्फत देवळे, शाळा व विहिरी उभ्या केल्या.

या ये-जा करण्याचे मोलही मोठे द्यावे लागले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरील कित्येक गावांत एकाच दिवशी अनेक घरांतून आकांत झाला. त्याही पाण्यात कोळी बांधवांनी होड्यांतून अनेकांना वाचविले.

१९७० साली नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मे झाले. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले.

१९८९ साली न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले, त्यासाठी शेव्याची जुनी वस्ती उठली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा समुद्रावरील सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळील विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळासाठी दहा गावांना घरे, शाळा आणि देवळे सोडून नव्या जागी जावे लागले. १९७१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १२,६३,००३ होती, ती २०११ साली २६,३४,२०० झाली. चाळीस वर्षांत ती दुपटीच्या वर गेली. तीही सर्वत्र सारखी नाही. पनवेलला पाय ठेवायला जागा नाही, तर पोलादपूरच्या वाड्यांतील घरांना कुलपे आहेत.

पुढे काय?

वाढ ही वाईट गोष्ट नव्हे. मुलांना शिक्षण, आजाऱ्याला दवाखाना आणि हाताला काम हे कोणाला नको आहे? परंतु समुद्र आणि डोंगर आपला हिशेब विसरत नाहीत. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण येथे दरडी कोसळल्या. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन, मुरूड भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. वाडवडिलांनी लावलेली झाडे एका दुपारी गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इरसालवाडी डोंगराखाली गाडली गेली. खारेपाटात मनुष्यबळाअभावी बांधांची देखरेख होईनाशी झाली आणि पिकत्या शेतात खारफुटी उगवू लागली.

मुंबईकर चाकरमानी, परदेशी गेलेला गाववाला आणि गावी राहिलेला शेतकरी यांनी मिळून देवळाचा जीर्णोद्धार केला, म्हणजे एकत्र येण्याची ताकद अजून शिल्लक आहे हे सिद्ध होते. हीच ताकद बांधाच्या डागडुजीला, विहिरीच्या गाळाला, डोंगरउतारावरील वाडीच्या सुरक्षिततेला आणि जमिनीचा कागद सही करण्यापूर्वी चारचौघांत वाचून पाहण्याला लागली पाहिजे. कळस नवा झाला आणि त्याखाली गावच उरले नाही, तर आरतीला उभे कोण राहणार?

कोळी, आगरी, कुणबी, मराठा, ठाकूर, कातकरी, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती आणि दूरदेशी गेलेले इस्राएल बांधव या सर्वांच्या घामाने हा जिल्हा उभा आहे. चरीच्या कुळांनी, चिरनेरच्या हुतात्म्यांनी आणि महाडच्या सत्याग्रहींनी तो अधिक न्यायाचा केला. त्यांचे ऋण स्मरून पुढील पिढीने गावाचा बांध आणि गावाचा एकोपा दोन्ही शाबूत ठेवावेत, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.