गव्हाणीची कुळकथा

नाताळच्या देखाव्यातली गव्हाण म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या सर्वांत अवघड सिद्धान्ताची सर्वांत सोपी मांडणी. देवाने मनुष्यदेह धारण केला तेव्हा त्याने माणसाचे नुसते सोंग घेतले नाही. भूक, झोप, थंडी आणि अखेर मरणही पत्करले, अशी ही श्रद्धा आहे. लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळेत जागा न मिळाल्याने नवजात येशूला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवतात. योहान जन्मकथा सांगत नाही. अनादि शब्द देहधारी झाला, एवढेच सांगतो. या दोहोंचा मेळ घालायला चर्चला शतके लागली. ३२५ मध्ये निकाया येथे येशूचे देवत्व ठरले. ४५१ मध्ये खाल्सेदोन येथे तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, तरी एकच व्यक्ती, असे सूत्र मान्य झाले.

बैल आणि गाढव मात्र शुभवर्तमानात कुठेच नाहीत. मालकाची गव्हाण ओळखणारी ही जनावरे यशयाच्या ग्रंथातून देखाव्यात शिरली. त्यांना खरेखुरे उभे केले ते असिसीच्या फ्रान्सिसने. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने गवताची गव्हाण मांडली, शेजारी बैल व गाढव बांधले आणि तिथेच मिस्सा करवली. वादपरिषदांत घासून घेतलेला सिद्धान्त त्या रात्री खेडुतांना डोळ्यांनी दिसला.

फ्रान्सिसचे अनुयायी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आले. तिथेच थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूचे चरित्र मराठी ओव्यांत रचले. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले.

कोल्हापुरात ही कथा वेगळ्या वाटेने आली. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथे आले. १८७० मध्ये त्यांचे मिशन प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळाकडे गेले. या पंथाला उपासनेत मूर्ती वर्ज्य, आणि नाताळचेही त्यांच्यात पूर्वी फारसे कौतुक नव्हते. साहजिकच इथे गव्हाणीचा मान पुतळ्यांआधी मराठी बायबलातल्या वचनांकडे गेला. दुधाच्या या जिल्ह्यात गव्हाण म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. देवाने किती खालची जागा घेतली, हे ऐकताक्षणीच कळते. न्यू शाहूपुरीतले वायल्डर मेमोरिअल चर्च आज त्यांचे नाव चालवते, आणि शहरात नाताळला ख्रिस्तजन्माचे देखावेही उभे राहतात.

त्या देखाव्यांतले, पूर्वेकडून बाळाच्या दर्शनाला आलेले ज्ञानी लोक तेवढे घाईने पोचलेले असतात. मत्तयच्या वृत्तान्तात ते बाळाला गोठ्यात नव्हे, घरात भेटतात. पाश्चात्य चर्चच्या पंचांगात त्यांचा सण ६ जानेवारीला येतो.