निवाड्याचा शब्द: ‘ऑर्डील’ आणि दिव्य

इंग्रजीतील ‘ऑर्डील’ या शब्दाचा आजचा अर्थ जीवघेणा त्रास एवढाच असला, तरी त्याच्या जुन्या इंग्रजी रूपाचा अर्थ ‘निवाडा’ असा होता, आणि त्याच मुळाचा ‘उर्टाइल’ हा जर्मन शब्द अजूनही न्यायालयाच्या निकालासाठी वापरला जातो. तापलेले लोखंड हाती धरायला लावून देवाचा कौल घेण्याच्या या रीतीत धर्मगुरूंनी सहभागी होऊ नये, असे १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवल्यावर इंग्लंडमध्ये ती लवकरच बंद पडली. शब्द तेवढा उरला.

मराठीत या रीतीला दिव्य म्हणतात, आणि तिचे शास्त्र बीड जिल्ह्यातील नारायणगडाच्या परिसराला परके नव्हते. बीडचा हा प्रदेश अकराव्या-बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यांकडे होता आणि त्यांच्याच राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. लेख, भोग म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट, आणि साक्षी ही मानवी प्रमाणे नसतील तरच दिव्याकडे वळावे, असा स्मृतीचा दंडक आहे. तुला, अग्नी, जल, विष आणि कोश ही तिने सांगितलेली पाच दिव्ये. अग्निदिव्यात तळहातांवर पिंपळाची सात पाने सुताने बांधून त्यांवर लोखंडाचा तप्त गोळा ठेवत आणि सात मंडले सावकाश चालायला लावत.

मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांत ‘रवा’ काढत, म्हणजे उकळत्या तेल-तुपात टाकलेला धातूचा तुकडा वादीला हाताने बाहेर काढावा लागे. आधी त्याची नखे काढून हात स्वच्छ धुवत आणि त्यावरचे जुने व्रण टिपून ठेवत. नंतर हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करत आणि ठरल्या दिवशी ती गोतसभेसमोर, म्हणजे वतनदार व गावकऱ्यांच्या न्यायसभेसमोर, उघडत. व्रणांची ही आगाऊ नोंद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण कौल देवाचा मानला तरी हात तपासण्याची जबाबदारी गोताने स्वतःकडेच ठेवली होती. निकालाचा महजर, म्हणजे सभासदांच्या साक्षीचा लेख, होई आणि हरणाऱ्याकडून यजितपत्र, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून घेत.

पुढे न्यायालये लेखी पुराव्यावर व साक्षीवर चालू लागली आणि मराठी शब्दातूनही निवाडा गळून हाल उरले. तरीही ‘ऑर्डील’ माणसावर ओढवते आणि दिव्य माणूस स्वतः करतो, हा फरक मोलाचा आहे: दुष्काळात मुलांना शिकवण्यासाठी आईने केलेल्या दिव्याबद्दल मराठी माणूस बोलतो, तेव्हा ती त्यातून खरी ठरली, असेही त्याला म्हणायचे असते.