श्रेष्ठत्वाचा मापदंड : ‘सर्वश्रेष्ठ भारतीय’ या वादाचा एक विचार

२०१२ सालच्या ऑगस्ट महिन्यात ‘महात्मा गांधींनंतरचा सर्वश्रेष्ठ भारतीय कोण?’ या प्रश्नाचा निकाल जाहीर झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव प्रथम क्रमांकावर आले. सीएनएन-आयबीएन व हिस्ट्री टीव्ही १८ या वाहिन्या आणि ‘आउटलुक’ हे साप्ताहिक यांनी मिळून हा उपक्रम योजिला होता. ब्रिटनमध्ये बीबीसीने २००२ साली असाच कौल घेतला होता व तेथील जनतेने चर्चिल यांना पहिले स्थान दिले होते. त्याच धर्तीवर हा भारतीय प्रयोग झाला. परीक्षक मंडळाचे मत, बाजार-सर्वेक्षण आणि दूरध्वनी व संगणकाद्वारे आलेली जनतेची मते असे तीन आधार त्यासाठी घेतले गेले. डॉ. अब्दुल कलाम, सरदार पटेल, पंडित नेहरू, मदर तेरेसा, जे. आर. डी. टाटा यांच्यापासून सचिन तेंडुलकर आणि लता मंगेशकर यांच्यापर्यंतची नावे पहिल्या दहांत होती.

या निकालाने आपल्या समाजास आनंद झाला आणि तो सर्वथा स्वाभाविक होता. अनुयायांनी संघटितपणे मते दिली म्हणून हे घडले, असे काही जण म्हणतात. ज्या महापुरुषाने आपल्या लोकांना संघटित होण्याचा उपदेश आयुष्यभर केला, त्याच्या अनुयायांवर संघटित झाल्याचा आरोप ठेवणे आम्हांस मोठे मौजेचे वाटते. परंतु प्रस्तुत लेखाचा हेतू त्या आक्षेपास उत्तर देण्याचा नाही. आमच्या मते विचार करावयास हवा तो प्रश्नाच्या घडणीचा. ‘गांधींनंतरचा’ हा शब्द प्रश्नातच घालून ठेवलेला होता. त्यांच्या जवळपास कोणी येऊ शकत नाही, या समजुतीने एक नाव तुलनेतून आधीच वेगळे काढण्यात आले. जेथे एक नाव तपासणीच्या बाहेर ठेवले जाते, तेथे मापदंड काय होता, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

हाच प्रश्न शासनाच्या पातळीवर अठ्ठावन्न वर्षे आधी उपस्थित झाला होता. २ जानेवारी १९५४ रोजी राष्ट्रपतींच्या सचिवालयाने ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च नागरी सन्मान स्थापन केला व त्या वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन आणि डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांना तो देण्यात आला. आरंभी तो मरणोत्तर देण्याची तरतूद नव्हती. ती १९५५ च्या जानेवारीत झाली. त्या वर्षी डॉ. भगवानदास, विश्वेश्वरय्या व पंतप्रधान नेहरू यांची नावे जाहीर झाली. पदकाचा आकार पुढे पिंपळपानाचा करण्यात आला आणि त्याच्या मागील बाजूस सारनाथच्या सिंहस्तंभाची राजमुद्रा आहे. बोधिवृक्षाचे पान आणि सम्राट अशोकाचे सिंह! हे पदक ज्या हातात सर्वांत शोभले असते, तो हात १९५६ च्या ६ डिसेंबरपर्यंत लिहिता होता, याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

त्या तीन वर्षांत बाबासाहेबांची सार्वजनिक स्थिती काय होती, हे पाहण्यासारखे आहे. हिंदू संहिता विधेयकाच्या प्रश्नावर त्यांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत आणि १९५४ च्या मे महिन्यात भंडारा येथील पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला होता. राज्यसभेत ते विरोधी बाकावर बसत. याच काळात, ५ जून १९५२ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या वेळच्या गौरवपत्रात त्यांचा उल्लेख भारताच्या अग्रगण्य नागरिकांपैकी एक असा केलेला आहे. ‘नागरिक’ हा शब्द तेथे आला, स्वदेशी मात्र त्यासाठी आणखी अडतीस वर्षे जावी लागली. १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार असताना, बाबासाहेबांना भारतरत्न मरणोत्तर जाहीर झाले व राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांच्या हस्ते माईसाहेब आंबेडकरांनी ते स्वीकारले. त्यांच्यापूर्वी लालबहादूर शास्त्री (१९६६), कामराज (१९७६), विनोबा भावे (१९८३) व एम. जी. रामचंद्रन (१९८८) यांना मरणोत्तर सन्मान देऊन झाला होता. म्हणजे मरणोत्तर सन्मान देता येत नव्हता, ही सबब १९५५ नंतर उरत नाही.

केवळ विलंबाचा हिशेब मांडायचा तर सरदार पटेल यांचेही उदाहरण आहे; १९५० साली निधन पावलेल्या सरदारांना हा सन्मान १९९१ साली मिळाला. म्हणून आम्ही विलंबावर फार भर देत नाही. या पुरस्काराचा सारा इतिहासच सांगतो की, ‘श्रेष्ठ कोण’ याचे उत्तर त्या त्या वेळच्या सत्तेच्या स्वभावाप्रमाणे बदलत आले. १९७७ साली जनता सरकारने असे सर्व नागरी सन्मान बंद केले, १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले असता असे सन्मान देता येतात काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला व १९९५ साली न्यायालयाने निर्णय दिला की हे सन्मान किताब नव्हेत, मात्र ते नावाच्या मागेपुढे लावता कामा नयेत. सुभाषचंद्र बोस यांच्याविषयी १९९२ साली झालेली घोषणा वादात सापडली आणि अखेर १९९७ साली ती रद्द मानण्यात आली. शिवाय या सन्मानाला भारतीय नागरिकत्वाची अटही नाही. १९८७ साली खान अब्दुल गफार खान आणि १९९० साली, बाबासाहेबांच्याच वर्षी, नेल्सन मंडेला यांना तो मिळाला. वर्णद्वेषाविरुद्ध लढलेला तो आफ्रिकी नेता आणि जातिव्यवस्थेविरुद्ध लढलेले बाबासाहेब एका वर्षाच्या यादीत शेजारी यावेत, हा योगायोग फार अर्थपूर्ण आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. श्रेष्ठत्वाचा मापदंड कोणता? याचे सर्वांत सखोल विवेचन, आमच्या वाचनाप्रमाणे, स्वतः बाबासाहेबांनीच करून ठेवले आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त पुण्याच्या डेक्कन सभेने त्यांना व्याख्यानास बोलाविले. गोखले स्मारक मंदिरात झालेले हे व्याख्यान ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने त्याच वर्षी इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. तो प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. गांधीजी त्याच पुणे शहरात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते, आणि तीन आठवड्यांनी त्यांचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू व्हावयाचे होते. अशा वेळी, अशा शहरात, ‘थोर पुरुष कोणास म्हणावे’ हा प्रश्न घेऊन उभे राहणे हे सामान्य धैर्याचे काम नव्हते.

बाबासाहेबांनी आरंभ केला तो इतिहास घडविणाऱ्या शक्तींपासून. सेंट ऑगस्टिनच्या मते इतिहास ईश्वरी योजनेने घडतो, बकलच्या मते भूगोल व निसर्ग यांमुळे, मार्क्सच्या मते आर्थिक शक्तींमुळे. यांत माणसाला जागाच नाही काय? बाबासाहेबांचे उत्तर असे की परिस्थितीचे महत्त्व नाकारता येत नाही, पण गारगोटीच्या दोन तुकड्यांतून आपोआप अग्नी निघत नाही. ते एकमेकांवर घासावयास माणूस लागतो. मग कोणता माणूस थोर? प्रामाणिकपणा ही कार्लाइलची कसोटी त्यांनी घेतली व ती आवश्यक मानली. असामान्य बुद्धी हीही कसोटी घेतली. परंतु या दोन्ही मिळूनही पुरेशा नाहीत, असे त्यांनी दाखविले. या दोन गुणांनी माणूस नामांकित होईल. थोर होणार नाही. थोर पुरुषाच्या अंगी सामाजिक हेतूची प्रेरणा असली पाहिजे. समाजाला चाबकाचे फटकारे मारण्याचे आणि समाजाची घाण उपसण्याचे अशी दोन्ही कामे त्याने केली पाहिजेत.

येथे थोडे थांबावेसे वाटते. घाण उपसण्याचे, झाडण्याचे काम या देशाने शतकानुशतके विशिष्ट जातींच्या माथी मारले आणि त्या कामामुळेच त्यांना हीन ठरविले. बाबासाहेबांनी नेमके तेच काम उचलून थोरपणाची कसोटी म्हणून पुण्याच्या सुशिक्षित श्रोत्यांसमोर ठेवले. हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

या कसोटीवर त्यांनी रानड्यांना थोर ठरविले. रानडे ब्राह्मण होते, सरकारी न्यायाधीश होते आणि त्यांच्या सुधारणेच्या चळवळीला मर्यादा होत्या. तरीही समाजाविरुद्ध उभे राहणे हे सरकारविरुद्ध उभे राहण्यापेक्षा अवघड आहे, हे बाबासाहेबांनी त्यांच्या निमित्ताने सांगितले. सरकारशी लढणारा तुरुंगात गेला की समाज त्याला हार घालतो. समाजाशी लढणाऱ्याला हार घालावयास कोणी नसते. ज्या पुरुषाने हे स्वतः भोगले होते, त्याने दुसऱ्या एका पुरुषास त्याच मापाने न्याय द्यावा, यातच त्या मापाचा खरेपणा दिसतो. आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा एवढ्यावरून त्यांनी कोणास मोठे केले नाही व परका म्हणून कोणास लहान केले नाही.

याच व्याख्यानात विभूतिपूजेवर त्यांनी कठोर टीका केली आहे. थोरांविषयी अमर्याद आदर व्यक्त करणे निराळे आणि त्यांच्या आज्ञेत डोळे झाकून चालणे निराळे, हा भेद त्यांनी केला. पहिल्यात दोष नाही. दुसऱ्याने माणसाची बुद्धी आणि देशाचे हित दोन्ही बुडतात. वृत्तपत्रांचा धंदा साबणाच्या कारखान्यासारखा झाला असून महापुरुष घडविणे हेच त्याचे काम होऊन बसले आहे, असेही ते म्हणाले. सात दशकांनंतर वाहिन्यांनी मतदान घेऊन सर्वश्रेष्ठ भारतीय निवडावा आणि त्यात पहिले नाव या व्याख्यात्याचे यावे, ही गोष्ट बाबासाहेबांना कशी वाटली असती? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील अखेरच्या भाषणात त्यांनी हाच इशारा पुन्हा दिला : धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे नेते. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारले गेले आणि नागरिकत्वाविषयीची कलमे त्याच दिवसापासून अमलात आली. भारतीय ‘नागरिक’ जन्मास येण्याच्या आदल्या दिवशी त्याला दिलेला हा उपदेश होय.

म्हणून आपल्या सभासंमेलनांतून २०१२ च्या निकालाचा अभिमानाने उल्लेख होतो, तेव्हा आम्हांस आनंदाबरोबर थोडी खंतही वाटते. जयंतीच्या फलकावर ‘प्रथम क्रमांक’ मोठ्या अक्षरांत असतो; १९४३ चे व्याख्यान वाचलेला कार्यकर्ता मात्र शोधावा लागतो. दुसरी एक गोष्ट अशी की, १९५४ साली, भारतरत्नाची पहिली यादी निघाली त्याच वर्षी, मुंबईत बोलताना बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर आणि महात्मा फुले. यांपैकी कोणीही या प्रजासत्ताकाचा नागरिक नव्हता. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने महात्मा फुले व सावित्रीबाई फुले यांना भारतरत्न देण्याची शिफारस करणारा ठराव केला. १८९० साली निधन पावलेल्या जोतीरावांना हा सन्मान द्यावा की न द्यावा, यावर मतभेद संभवतात. परंतु समाजाची घाण उपसण्याच्या कसोटीवर त्यांचे स्थान कोणत्याही ठरावावर अवलंबून नाही, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

बौद्ध साहित्यात श्रेष्ठत्वाचा प्रश्न फार निराळ्या रीतीने हाताळलेला आढळतो. अंगुत्तरनिकायातील एतदग्गवग्गात भगवान बुद्धांनी आपल्या शिष्यांतील अग्रस्थानी असलेल्यांची नावे सांगितली आहेत. पण तेथे सर्व बाबतींत अग्र असा एकही शिष्य नाही. प्रज्ञेत सारिपुत्त, विनयात उपाली, धम्म सांगणाऱ्या उपासकांत चित्त गृहपती, बहुश्रुत उपासिकांत खुज्जुत्तरा. उपाली हा शाक्यांचा न्हावी, आणि शाक्य कुमारांनी आपला कुलाभिमान मोडावा म्हणून त्याला आपल्या आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली होती, असे चुल्लवग्ग सांगतो. खुज्जुत्तरा ही कोसंबीच्या राणी सामावतीची दासी, असे अट्ठकथेत आहे.

याहून महत्त्वाचे मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लान सुत्त. तथागतांच्या महापरिनिर्वाणास फार दिवस झाले नव्हते. राजा पज्जोताच्या भयाने अजातशत्रू राजगृहाची तटबंदी दुरुस्त करीत होता. त्या कामावर असलेल्या गोपकमोग्गल्लान ब्राह्मणाने भिक्खू आनंदांना विचारले की, बुद्धांच्या ठायी असलेल्या सर्व गुणांनी सर्वथा युक्त असा एक तरी भिक्खू तुमच्यात आहे काय? आनंद म्हणाले, नाही. तेवढ्यात मगधाचा महामंत्री वस्सकार तेथे आला. त्याने विचारले, निदान बुद्धांनी किंवा संघाने आपल्या पश्चात नेमलेला, तुम्ही ज्याला शरण जाता असा कोणी आहे काय? त्याचेही उत्तर नाही असेच आले. मग तुमची एकजूट कशाच्या आधारावर? आनंदांनी सांगितले, धम्माच्या. तथापि ज्याच्या अंगी शील, बहुश्रुतता, संतोष इत्यादी दहा गुण दिसतात, त्याचा आम्ही आदर करतो व त्याच्या आश्रयाने राहतो, असेही ते म्हणाले. वस्सकाराचे समाधान झाले आणि तो निघून गेला. गोपकमोग्गल्लानाचे मात्र झाले नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेच नाही, असे तो म्हणाला, आणि आनंदांनी पहिलेच उत्तर त्याला पुन्हा एकदा सांगितले.